व्हिक्टोरियन नटनट्यांचे फोटो: आधी पुठ्ठा वाचा, चेहरा शेवटी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनच्या एखाद्या नटाचा फोटो समोर आला, की "हा कोण?" हाच प्रश्न आधी तोंडात येतो. मी तो सगळ्यांत शेवटी विचारायला सांगेन. नटाचा चेहरा रंगवलेला असतो, टोपाखाली आणि खोट्या दाढीमिशांमागे झाकलेला असतो, वर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्याही पुसलेल्या असतात. त्यात टेरींसारखं घराणं असेल तर विचारूच नका. केट, एलन, मॅरियन आणि फ्लॉरेन्स या चौघी बहिणी रंगभूमीवर होत्या आणि एकीचा फोटो दुसरीच्या नावावर सहज खपून जातो. याउलट पुठ्ठ्याची जाडी, मागचा पत्ता, कागदाचा पोत, नोंदणीची तारीख यांतून मिळणारी माहिती दुसऱ्या कुणालाही तपासून बघता येते. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी वस्तू, मग स्टुडिओ, मग भूमिका आणि मग माणूस.

मुंबईच्या चोरबाजारात किंवा घरच्या जुन्या आल्बममध्ये असं कार्ड सापडलेल्यांना ही पद्धत उपयोगी पडेल, तशीच लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर बसून फोटो चाळणाऱ्या नाट्यअभ्यासकांनाही. पडद्यावर पुठ्ठ्याची जाडी कळत नाही, पण मोठी संग्रहालयं मोजमाप देतात आणि कधीकधी मागच्या बाजूचा फोटोही देतात. तो असेल तर आधी तोच उघडा.

साहित्य फार लागत नाही. मिलिमीटरची पट्टी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान टॉर्च, मऊ शिसपेन्सिल आणि खाली अंथरायला स्वच्छ पांढरा कागद. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. कार्ड कडांना धरा, चित्राला बोट लावू नका.

पायरी १: मोजून घ्या

पुठ्ठा साधारण ६४ बाय १०० मिलिमीटर भरला, तर ते कार्त-द-व्हिझित. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ मध्ये याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ फोटो घ्यायचे, छापून कापायचे आणि व्हिझिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे, ही त्याची युक्ती. त्यामुळे फोटो स्वस्त झाला. इंग्लंडमध्ये याची खरी लाट आली १८६० मध्ये, मेयॉल या छायाचित्रकाराने राजघराण्याचे फोटो विक्रीला काढले तेव्हा. लोक आल्बम विकत घेऊन त्यात राणी, बिशप, सेनापती यांच्या शेजारी आवडती नटी लावू लागले. दुकानाच्या काचेत टांगलेले फोटो बघायला गर्दी व्हायची, आणि नटांना नाट्यगृहाबाहेर चेहरा मिळाला तो तिथे.

पुठ्ठा साधारण १०८ बाय १६५ मिलिमीटर असेल तर ते कॅबिनेट कार्ड. हा आकार इंग्लंडमध्ये १८६६ मध्ये एफ. आर. विंडो याने पुढे आणला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नाटकवाल्यांसाठी हा आकार वरदान ठरला. कार्त-द-व्हिझितवर नट नखशिखांत उभा केला की चेहरा तुरीच्या दाण्याएवढा उरायचा. कॅबिनेट कार्डात पोशाखाची भरतकामाची वेलबुट्टी आणि डोळ्यांतला भाव दोन्ही मावू लागलं.

तिसरी शक्यता पोस्टकार्डाची, आणि इथे विक्रेते सर्रास चुकीची लेबलं लावतात. मागच्या बाजूला मध्ये उभी रेघ असेल, म्हणजे डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता अशी विभागणी असेल, तर ब्रिटनमधलं ते पोस्टकार्ड १९०२ किंवा त्यानंतरचं आहे. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. तेव्हा असं पोस्टकार्ड कितीही जुनंपुराणं दिसलं तरी व्हिक्टोरियन नाही. त्यावरचा फोटो जुन्या निगेटिव्हचा असू शकतो, पण ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

१८६० च्या आधीचे नटांचे फोटो दुर्मीळ आहेत, पण आहेत. चार्ल्स कीनने प्रिन्सेस थिएटरात केलेल्या नाटकांतल्या नटांचे फोटो मार्टिन लारोशने काढले. त्यांत १८५६ चा एक फोटो आहे. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मधल्या लिऑन्टीस राजाच्या वेषातला कीन आणि शेजारी त्याचा मुलगा मॅमिलियस झालेली नऊ वर्षांची एलन टेरी. तिचं रंगभूमीवरचं हे पहिलंच काम. पुढे अर्धशतक जिने इंग्लिश रंगभूमी गाजवली, तिचा प्रवास पहिल्या भूमिकेपासून फोटोंतून बघता येतो, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

पायरी २: कडा आणि कोपरे

पुठ्ठा पातळ, कोपरे काटकोनी असतील तर साधारण १८६० चं दशक. गोल केलेले कोपरे १८७० च्या आसपासपासून दिसायला लागतात. जाड पुठ्ठा, गडद रंग (बाटलीसारखा हिरवा, मरून, काळा) आणि तिरकी कापलेली सोनेरी कड दिसली तर १८८० चं दशक किंवा पुढचं. हे ढोबळ नियम आहेत. एखादा स्टुडिओ जुना माल संपेपर्यंत वापरायचाच.

चारही कोपरे भिंगाखाली तपासा. आल्बमच्या खाचेत बसावं म्हणून लोक कात्रीने कोपरे छाटत. कारखान्यात गोल केलेले चारही कोपरे सारखे असतात, घरी कापलेले कमीजास्त असतात. मापही याच वेळी पुन्हा घ्या, कारण कापलेलं कॅबिनेट कार्ड कुठल्याच आकारात बसत नाही आणि माणूस उगाच गोंधळतो.

पायरी ३: उलटं करून वाचा

मागची बाजू म्हणजे त्या कार्डाचा जन्मदाखला. १८६० च्या सुरुवातीला तिथे फक्त स्टुडिओचं नाव आणि पत्ता साध्या अक्षरांत असतो. पुढे वेलबुट्टी, राजचिन्हं, पदकं यांची गर्दी होत जाते. पदकांवर वर्ष छापलेलं असेल तर काम सोपं झालं, कार्ड त्या वर्षाच्या आधीचं असूच शकत नाही. "राणीसाहेबांचे छायाचित्रकार" असा मजकूर असेल तर ती नेमणूक कधी मिळाली ते शोधा.

पत्ता हा सगळ्यांत भरवशाचा धागा आहे, कारण स्टुडिओ जागा बदलत. कामील सिल्व्ही बेजवॉटर भागात ३८ पोर्चेस्टर टेरेस इथे १८५९ ते १८६८ एवढाच काळ होता. त्याच्या रोजवह्या लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत. सुमारे १७,००० बैठकींची क्रमवार नोंद, आणि बहुतेक नोंदींशेजारी त्या फोटोची छोटी प्रत चिकटवलेली. सिल्व्हीचं कार्ड असेल तर अंदाज करत बसू नका, त्या वह्यांतून नाव आणि काळ दोन्ही मिळण्याची शक्यता आहे. एलियट अँड फ्राय १८६३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा ५५ बेकर स्ट्रीट हा पत्ता फार काळ टिकला, म्हणून तिथे नुसत्या पत्त्यावरून काळ आखडता येत नाही. हेन्री व्हॅन डर वायडने रीजंट स्ट्रीटवरच्या आपल्या स्टुडिओत १८७७ मध्ये विजेचा दिवा आणला. लंडनच्या धुक्यात, अंधाऱ्या हिवाळ्यात आणि संध्याकाळीही फोटो काढता यायला लागले.

हाताने लिहिलेला मजकूर वेगळा धरा. शाईतला आकडा बहुतेकदा निगेटिव्हचा क्रमांक असतो आणि तो मोलाचा आहे. पण पेन्सिलीने लिहिलेलं नटाचं नाव पन्नास वर्षांनंतरच्या एखाद्या संग्राहकाचं मत असू शकतं. ते पुसायचं मात्र नाही, तेही त्या वस्तूच्या इतिहासात येतं. पुढच्या बाजूला सही असेल तर भिंगाखाली बघा. खऱ्या शाईची रेघ फोटोच्या चकाकीवर बसलेली दिसते, छापलेली सही चित्रातच मुरलेली असते.

मागे काहीच नसेल आणि फोटो जरा धूसर, काळ्यापांढऱ्याचा फरक अति झालेला दिसत असेल, तर ती चोरून काढलेली नक्कल असण्याचा दाट संशय घ्या. लोकप्रिय नटांच्या फोटोंचा पुन्हा फोटो काढून विकणारे तेव्हाही पुष्कळ होते.

पायरी ४: कागद कोणता

भिंग आणि टॉर्च इथे कामाला येतात. या काळातले बहुसंख्य फोटो अल्ब्युमिनचे आहेत. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अगदी पातळ कागद, त्यावर चांदीचे क्षार, आणि काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात छापणं, अशी ही रीत. ब्लांकार-एव्हरारने ती १८५० मध्ये जाहीर केली. भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं असतं, रंग जांभळट तपकिरी, आणि उजळ भाग पिवळे पडलेले.

फोटो जराही फिका झालेला नसेल, रंग एकसारखा गडद असेल, तर वुडबरीटाइप आहे का ते बघा. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. गडद भाग किंचित उंच आणि उजळ भाग किंचित खोल दिसले की ओळख पटली. ही पद्धत वॉल्टर वुडबरीची, १८६४ ची. यात चांदी नसतेच. जिलेटिनमध्ये रंग मिसळून साच्यातून छपाई होते, म्हणून ती उडत नाही. 'द थिएटर' या लंडनच्या मासिकात १८८० च्या दशकात नटनट्यांचे असे फोटो चिकटवलेले असत. एखादा सुटा फोटो त्या मासिकातून निघालेला असेल, तर त्या महिन्याचा अंक सापडला की तारीख, नाव, भूमिका तिन्ही एकदम मिळतात.

ठिपक्यांची जाळी दिसली तर तो फोटो नाही, शाईने छापलेलं चित्र आहे. कागदाचे तंतू अजिबात न दिसणारा गुळगुळीत पांढरा थर असेल तर कागद १८८० च्या दशकाच्या शेवटानंतरचा समजायला हरकत नाही.

आणखी एक तपासणी इथेच करून घ्या. कार्बन छपाईच्या (म्हणजे चांदीऐवजी जिलेटिनमधल्या रंगद्रव्याने केलेल्या छपाईच्या) एका प्रकारात चित्र उजवं-डावं उलटं होतं. तलवार उजव्या कमरेला लटकलेली किंवा पुरुषाच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला दिसली, तर नटाला डावखुरा ठरवण्याआधी छपाईचा विचार करा.

पायरी ५: फोटो रंगमंचावरचा नाही, हे मनात पक्कं करा

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

१८८० च्या दशकाच्या आधी चालू प्रयोगाचा फोटो काढणं शक्यच नव्हतं. रंगमंच गॅसच्या उजेडात असायचा. पूर्णपणे विजेच्या दिव्यांवर चालणारं पहिलं नाट्यगृह, सॅव्हॉय, उघडलं १८८१ मध्ये. फोटोच्या ओल्या काचेला (रसायनाचा थर ओला असतानाच वापरायच्या काचेला) उघड्या आकाशाचा उजेड आणि काही सेकंदांचा स्थिरपणा लागायचा. म्हणून नट टोप, पोशाख, तलवार असं सगळं गाठोडं घेऊन दिवसाउजेडी स्टुडिओत जायचा. काचेच्या छपराखाली उभा राहायचा, मानेमागे लोखंडी आधार लावला जायचा आणि तो श्वास रोखून तो क्षण "धरायचा". नटाच्या पायांमागे बघा. लोखंडी तिवईचं बूड कितीतरी फोटोंत दिसतं, आणि ते दिसलं की मला त्या माणसाच्या कष्टांचा आदर वाटतो. हॅम्लेटची तडफड आठ सेकंद न हलता दाखवणं हे वेगळंच अभिनयकौशल्य आहे.

त्यामुळे फोटोतली उभं राहण्याची ढब, हातवारे, मागचा पडदा, खांब, कठडा यांना नाटकाचा पुरावा मानू नका. पडदा स्टुडिओचा असतो. तोच खांब, तीच खुर्ची दुसऱ्या नटाच्या फोटोत सापडेल, आणि हे सापडणं आपल्या फायद्याचं आहे. नाव नसलेल्या कार्डातली खुर्ची नाव असलेल्या कार्डात दिसली, तर स्टुडिओ ठरतो. पोशाख, टोप आणि हातातल्या वस्तू मात्र बहुधा नाट्यगृहातून आलेल्या असतात. विश्वास ठेवायचा तो त्यांच्यावर.

१८७८ नंतर जिलेटिनच्या सुक्या काचा बाजारात आल्या आणि वेळ सेकंदावर किंवा त्याहून खाली उतरला. तेव्हापासून हातांत जिवंतपणा येतो, मान सैल दिसते. मॅग्नेशियमची झगमग पूड जर्मनीत १८८७ मध्ये निघाली आणि मग नाट्यगृहातच फोटो काढण्याचे प्रयत्न सुरू झाले. तरी विक्रीसाठीचे चांगले फोटो स्टुडिओतच होत राहिले.

स्टुडिओ काय करू शकतो याचं उत्तम उदाहरण म्हणजे व्हॅन डर वायडने काढलेला रिचर्ड मॅन्सफील्डचा फोटो. मॅन्सफील्ड जेकिल आणि हाइड या दोन्ही भूमिका करायचा, १८८८ मध्ये त्याने त्या लंडनच्या लायसियम नाट्यगृहात केल्या. फोटोत सरळ उभा सज्जन डॉक्टर आणि त्याच्यातूनच उमटल्यासारखा वाकलेला, पंजे वळवलेला हाइड एकाच चौकटीत आहेत. दुहेरी छाप घेऊन साधलेलं हे चित्र. प्रेक्षकाने रंगमंचावर असं दृश्य कधीच एका वेळी पाहिलं नव्हतं. आणि तरीही ते नाटक प्रेक्षकाच्या मनावर काय ठसा उमटवत होतं, हे त्या फोटोइतकं थेट दुसरं काही सांगत नाही. हे फोटो असे वाचायचे असतात.

पायरी ६: रंगांचा अंदाज करू नका

ओली काच निळ्या उजेडाला फार संवेदनशील आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळी. निळा झगा पांढरा उमटतो, तांबडा काळा उमटतो, सोनेरी केस गडद होतात, निळे डोळे बाहुली सोडून पार फिके पडतात. गालावरची लाली काळा डाग होऊन उठायची, म्हणून रंगमंचावरचा रंग जसाच्या तसा लावून कॅमेऱ्यासमोर जाणं धोक्याचं होतं. "पांढऱ्या पोशाखातली नटी" असं कार्डावर लिहिण्याआधी त्या पोशाखाचं वर्णन वर्तमानपत्रातल्या परीक्षणात शोधा.

एलन टेरीचा लेडी मॅक्बेथच्या वेषातला फोटो घ्या. लायसियम चालवणारा नट हेन्री अर्विंग याने हे नाटक लायसियममध्ये २९ डिसेंबर १८८८ ला आणलं. फोटो विंडो अँड ग्रोव्ह या बेकर स्ट्रीटवरच्या स्टुडिओचे, आणि त्यातला विंडो म्हणजे कॅबिनेट कार्ड पुढे आणणारा तोच. फोटोत गुडघ्यांच्याही खाली उतरणाऱ्या दोन जाड वेण्या काळपट दिसतात. त्या तांबड्या होत्या. झगा राखाडी, खडबडीत, मधूनमधून चमकणारा. तो होता हिरवा, आणि ती चमक म्हणजे त्यावर शिवलेले सुमारे १,००० भुंगेऱ्यांचे हिरवे चकाकते पंख. ॲलिस कॉमिन्स कारने तो योजला, एडा नेटलशिपने शिवला. भुंगेऱ्यांच्या पंखांचं भरतकाम हा मूळचा भारतातला कसब आणि तसं कापड एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला जात असे, तेव्हा लेडी मॅक्बेथच्या अंगावरच्या त्या लखलखाटाची एक मुळी आपल्याकडे पोचते. हा झगा केंट परगण्यात टेरीच्या स्मॉलहाइथ इथल्या घरात जपलेला आहे. चित्रकार सार्जंटने १८८९ मध्ये रंगवलेल्या तिच्या चित्रात तो रंगासकट दिसतो. पण त्या चित्रात ती दोन्ही हातांनी मुकुट डोक्यावर धरून उभी आहे, आणि तसा प्रसंग नाटकात नव्हताच. रंग चित्रातून घ्या, शिवण आणि कापडाचा झोळ फोटोतून घ्या, आणि ढब दोन्हींतून घेऊ नका.

पायरी ७: नोंदणीची वही शोधा

ब्रिटनमध्ये १८६२ च्या कायद्याने फोटोंना स्वामित्वहक्क मिळाला, पण चोरट्यावर दावा लावायचा तर स्टेशनर्स हॉलमध्ये (लंडनच्या छपाईवाल्यांच्या जुन्या संघाच्या कचेरीत) नोंदणी आवश्यक होती. ते अर्ज आज लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'कॉपी १' या मालिकेत आहेत. अर्जावर फोटोचं वर्णन, फोटो काढणाऱ्याचं नाव, हक्क कुणाचा ते आणि तारीख असते, आणि पुष्कळदा फोटोची प्रतही जोडलेली. सूची घरबसल्या बघता येते. नटाचं नाव, भूमिका, स्टुडिओ असे वेगवेगळे शब्द घालून शोधा. वर्णन कारकुनी भाषेत असतं, "अमुक नटी, अर्धाकृती, उजवीकडे पाहताना" अशा धर्तीचं, म्हणून ते समोरच्या कार्डाशी ताडून बघता येतं.

त्याच कायद्यात एक मेख होती. गिऱ्हाइकाने पैसे मोजून फोटो काढवला तर, लेखी करार नसेल तेव्हा, हक्क गिऱ्हाइकाचा व्हायचा. म्हणून नामांकित नटांकडून बैठकीचे पैसे न घेण्यातच स्टुडिओचं हित होतं. फोटो फुकट, हक्क स्टुडिओचा, विक्रीचा नफा स्टुडिओचा. न्यूयॉर्कचा नेपोलियन सारोनी तर उलट नटांनाच पैसे द्यायचा. त्याने काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या फोटोवरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८८४ मध्ये निकाल झाला की बसण्याची ढब, पोशाख, उजेड यांची योजना छायाचित्रकाराची, म्हणून फोटो ही त्याची निर्मिती.

पायरी ८: तीन तारखा वेगळ्या ठेवा

नाटक कधी आलं, निगेटिव्ह कधी घेतली आणि ही प्रत कधी छापली, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदवहीत तीन रकाने करा आणि एकाची माहिती दुसऱ्यात सरकू देऊ नका.

अर्विंगने 'द बेल्स'मधला मथायस पहिल्यांदा केला २५ नोव्हेंबर १८७१ ला, आणि १९०५ मध्ये तो वारला त्याच्या आदल्या रात्रीही तीच भूमिका करत होता. म्हणजे "मथायसच्या वेषातला अर्विंग" हे शब्द ३४ वर्षांच्या पट्ट्यात कुठेही बसू शकतात. तिथे पुठ्ठा आणि कागदच काळ सांगतील. दुसरीकडे ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६४ मध्ये काढलेला तरुण एलन टेरीचा प्रसिद्ध फोटो. त्याच्या कार्बनच्या प्रती १८७५ च्या सुमाराच्या आहेत. फोटो एका दशकाचा, कागद दुसऱ्या.

नाटकाची तारीख काढायला 'द इरा' हे नाट्यविषयक साप्ताहिक आणि १८८० पासूनचं 'द स्टेज' यांचे जुने अंक चाळा. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शब्द टाकून शोधता येतं, वर्गणी पडते. नुसत्या पहिल्या प्रयोगाची तारीख घेऊन थांबू नका. पात्रं बदलत, नाटक गावोगावी फिरे, दुसरी नटी तीच भूमिका त्याच धर्तीच्या पोशाखात करी. भूमिका ओळखू आली म्हणजे नट ओळखू आला असं होत नाही. लांब गालमिश्या आणि एका डोळ्याचा चष्मा दिसला की १८६१ मध्ये हेमार्केट थिएटरात गाजलेला, 'अवर अमेरिकन कझिन' नाटकातला नट सदर्नचा लॉर्ड डंड्रेरी आठवतो, पण त्या गालमिश्या इतक्या लोकप्रिय झाल्या की साधे गृहस्थही त्या ठेवू लागले.

पायरी ९: आता चेहरा

इथवर आल्यावर उमेदवार दोन-तीनच उरतात. त्या प्रत्येकाचे, नाव पक्कं ठरलेले किमान दोन फोटो समोर ठेवा. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, ब्रिस्टल विद्यापीठाचा नाट्यसंग्रह आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांचे संग्रह त्यासाठी पुरेसे आहेत. भुवया, केसांची रेघ, ओठांची जाडी यांवर जाऊ नका, ते सगळं रंगवता येतं. कान बघा. पाळीचा आकार, ती गालाला चिकटलेली की सुटी, वरच्या कडेची वळी. मग नाकपुडी, मग हनुवटी आणि खालचा ओठ यांमधलं अंतर. वय सुरकुत्यांवरून ठरवायला जाऊ नका. निगेटिव्हवरच्या पेन्सिलीने चाळिशीची बाई पंचविशीची व्हायची. मानेला आणि हातांना पेन्सिल सहसा लागत नसे, तिथे वय दिसतं.

पुरुषी वेषातली व्यक्ती पुरुषच असं धरून चालू नका. लंडनच्या बर्लेस्क (विडंबनाची गाण्याबजावण्याची नाटकं) आणि पँटोमाइम (नाताळातली परीकथांची नाटकं) यांमध्ये तरुण नायकाचं काम नटी करत, आणि गेइटी थिएटरच्या नेली फॅरनने तर त्यातच नाव काढलं. घट्ट विजार, आखूड कोट, कमरेवर हात असा "मुलगा" दिसला, तर तो बहुधा बाई आहे.

ही सगळी पद्धत आपल्याकडच्या जुन्या फोटोंनाही लागू पडते. किर्लोस्कर मंडळी, शाहूनगरवासी मंडळी यांच्या नटांचे फोटो घरोघरी, ट्रंकांत पडून आहेत. स्त्रीवेषातला पुरुष नट ओळखायचा असेल तर नववारी आणि दागिने बाजूला ठेवून कानच बघावे लागतात. गणपतराव जोशींच्या हॅम्लेटचं वर्णन आपण कौतुकाने वाचतो, तर त्या मंडळींचा फोटो हाती आल्यावर मागचा स्टुडिओचा शिक्का आधी टिपून घ्यायला काय हरकत आहे?

पायरी १०: नोंद आणि जपणूक

नोंदीत प्रत्येक विधानापुढे "पक्कं", "बहुधा" किंवा "अंदाज" यांपैकी एक शब्द लिहा आणि कशावरून तेही लिहा. "एलन टेरी, बहुधा, कान आणि स्टुडिओवरून" हे नुसत्या "एलन टेरी"पेक्षा पुढच्या माणसाला कितीतरी उपयोगी आहे.

दोन्ही बाजू स्कॅन करा, ६०० डीपीआय किंवा जास्त, रंगीत, पुठ्ठ्याच्या चारही कडा दिसतील अशा. पिवळेपणा दुरुस्त करायचा असेल तर तो वेगळ्या प्रतीत, मूळ फाइल तशीच ठेवा. कार्डाला लॅमिनेशन, सेलोटेप, डिंक यांतलं काहीही लावू नका आणि ओल्या फडक्याने पुसू नका. अल्ब्युमिनचा थर पाण्याने फुगतो आणि भेगा वाढतात. पुठ्ठ्यापासून फोटो सोडवण्याचा विचारही नको, कागद इतका पातळ असतो की फाटतोच.

मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत खरा शत्रू ओल आहे. पावसाळ्यात बुरशी धरते आणि कसर पुठ्ठ्याची खळ खाते. लाकडी कपाट आणि बाहेरची भिंत टाळा, घरातल्या मधल्या खोलीतली धातूची कपाटं चांगली. आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटं वापरा. पीव्हीसीचे प्लॅस्टिक आल्बम अजिबात नकोत. पॉलिएस्टरचं पाकीट चालतं, पण दमट हवेत ते फोटोला चिकटू शकतं, म्हणून किनारपट्टीवर मी कागदच सुचवेन. पावसाळा संपला की प्रत्येक पाकीट उघडून बघा. बुरशी दिसली तर ते कार्ड लगेच बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरड्या खोलीत ठेवा, फुंकर मारू नका, आणि मोलाचं असेल तर संवर्धकाला दाखवा.

पाकिटावरचा मजकूर शिसपेन्सिलीने, आणि कार्ड आत घालण्याआधी लिहायचा. आधी कार्ड घालून वर लिहिलं तर पेन्सिलीचा दाब खालच्या फोटोवर कायमचा उमटतो.